ताडपत्रीवरचा खड्डा

चष्मेवाल्यानं फोनवर माझी बायको गेली असं सांगितलं नाही. तो म्हणाला, "काका, जरा दुकानात येता का? आणि एकटे येऊ नका, कोणाला तरी बरोबर घेऊन या." त्या शेवटच्या वाक्यानं मला कळलं. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागलो. कोचाखाली बघितलं, दाराआड बघितलं. चपला पायातच होत्या. ती घरात असती तर म्हणाली असती, "अहो, डोळे माझे तपासायचेत की तुमचे?" चारचौघांत ती मला अहो म्हणायची, चिडली की अरे. त्या दिवशी सकाळी जाताना तिनं अरे म्हटलं होतं. मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी जास्त घातलं होतं म्हणून.

आमच्या तुकडीत असंच असायचं. लढाईच्या काळात मी लढाऊ विमानांच्या तुकडीत मेकॅनिक होतो. तिथे मेला हा शब्द कोणी वापरत नसे. 'उतरला नाही' म्हणायचे. विमानं परतायची वेळ झाली की आम्ही मेकॅनिक आपापल्या जागेवर चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे घेऊन उभे राहायचो. ज्याचं विमान यायचं नाही तो ठोकळे जमिनीवर ठेवून त्यांवर बसायचा. त्याला कोणी उठवायचं नाही, जेवायला हाक मारायची नाही, असा नेमच होता. मग बऱ्याच वेळानं कोणीतरी शेजारी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "चल. पेट्रोल संपलं असेल आता." तेवढंच. त्यावर तो उठायचा. चष्मेवाल्याच्या दुकानात मी त्या उंच खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो तेव्हा मी तेच करतोय हे माझ्या लक्षात आलं. ती खुर्चीत होती, मान किंचित कलती. चष्मेवाल्यानं स्वतःचा पांढरा कोट तिच्या गुडघ्यांवर घातला होता. समोरचा अक्षरांचा तक्ता उजळलेलाच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. चष्मेवाला हात चोळत म्हणाला, "चौथ्या ओळीपर्यंत बरोबर वाचलं काकूंनी. मग थांबल्या. मला वाटलं, पुढचं दिसत नाहीये. मी म्हटलं, काकू, अंदाजानं सांगा. त्या काहीच बोलल्या नाहीत." मी मान हलवली. तिनं जन्मात कधी काही अंदाजानं सांगितलं नव्हतं. मी बसूनच राहिलो. शेवटी बरोबर आलेला शेजारी म्हणाला, "उठा आता, काका." पण ते शब्द बरोबर नव्हते, म्हणून मला उठता येईना.

मग माणसं येऊन गेली. मुलगी तिच्या गावाहून आली, तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आईच्या साड्या घड्या करकरून पुन्हा त्याच कपाटात ठेवल्या. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा आले. माणूस वाईट नाही. दुसऱ्यांदा उठताना दाराशी थांबले आणि म्हणाले, "काका, काही लागलं तर हक्कानं सांगा." मी बरं म्हटलं. "आणि ते बागेत जमिनीखाली टाकी खणायचं काम तेवढं पुढच्या आठवड्यात काढतोय. पाण्याचे किती हाल आहेत बघताय तुम्ही. काकू होत्या तोवर त्यांचा मान ठेवला सगळ्यांनी. आता काय." मी त्यालाही बरं म्हटलं. दार लावून आत आलो, पाणी प्यायलो, आणि भांडं ओट्यावर ठेवताना ते काय बोलले ते माझ्यापर्यंत पोचलं.

आमची वसाहत जिथे आहे तिथे पूर्वी विमानतळ होता. आता कोणाला सांगून खरं वाटत नाही. बसथांब्यामागचा रुंद रस्ता सरळसोट का आहे ते लोकांना माहीत नाही; ती धावपट्टी होती. आमची बाग तिच्याच दुसऱ्या टोकावर आहे आणि इमारत तिच्या कडेच्या गवतावर. लढाई संपल्यावर जमिनीचे तुकडे पडले, घरं झाली आणि तुकडीतल्या लोकांना आधी मिळाली. आम्हाला पहिल्या मजल्यावर दोन घरं दाखवली होती. मागचं मोठं होतं, वारा होता, दोन्ही बाजूंनी उजेड. पुढचं लहान, आणि खिडकीतून ते ओसाड टोक दिसायचं, तेव्हा तिथे काटेरी झुडपं होती. ती म्हणाली, "पुढचंच." मी म्हटलं, "अगं, हे बघून तर घे." ती म्हणाली, "बघितलंय. पुढचं." त्या टोकावर तिनं बाग केली. कुदळ कोणाला लावू द्यायची नाही, खुरप्यानं जेवढं उकरेल तेवढ्यातच रोपं. बॅडमिंटनचं कोर्ट करायचं ठरलं, तिनं मोडलं. गाड्यांसाठी छप्पर घालायचं ठरलं, तिनं मोडलं. झोपाळ्याचे खांब पुरायचे म्हटल्यावर ती त्या खड्ड्याच्या जागी खुर्ची टाकून विणकाम करत बसली, माणसं दोन तास थांबून निघून गेली. झोपाळा शेवटी झाडाला टांगला. लोक म्हणायचे, काकूंचा स्वभाव. मी हसून सोडून द्यायचो, कारण स्वभाव म्हटलेलं बरं होतं. खरं मला माहीत होतं. पण अर्धंच.

आमच्या तुकडीचा इतिहास लिही म्हणून वायरलेस माझ्या मागे लागला आहे. वायरलेस म्हणजे आमचा जुना बिनतारी यंत्रावरचा माणूस. तेव्हा ढगांपलीकडचं कुजबुजणं ऐकायचा, आता शेजारची दारावरची बेल ऐकू येत नाही त्याला. फोनवर ओरडतो, "कोण आले, किती उडाले, कोण उतरले नाहीत, एवढंच लिही! साहित्य नको करूस!" मी लिहायला बसलो की पायलट आठवत नाहीत, तीच आठवते, रंगानं बरबटलेली, हातभर ब्रश घेऊन ओणवी. आम्ही त्या माळावर आलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं. आधी तंबू लागले, मग धावपट्टी, मऊ जमिनीवर लोखंडी जाळी अंथरून वर डांबर ओतलेली. विमानं आली आणि त्यांच्यामागून बॉम्ब आले. शत्रूचं विमान उंचावरून फोटो काढून जायचं. धावपट्टीवर खड्डे दिसले की ते लोक निश्चिंत व्हायचे, खड्डे बुजलेले दिसले की पुन्हा बॉम्ब टाकायचे. म्हणून खरे खड्डे आम्ही बुजवायचो आणि वर खोटे अंथरायचो, ताडपत्रीवर रंगवलेले. ते काम रंगखात्याचं. तिथे ती होती. अख्खी तुकडी तिला खड्डेवाली म्हणायची. "जग खड्डे बुजवतं आणि ही बया खड्डे काढते," असं आमचा आचारी रोज एकदा म्हणायचाच, आणि ती रोज म्हणायची, "तुझ्या भाजीपेक्षा माझे खड्डे खरे वाटतात." ढगाळ दिवसाच्या ताडपत्र्या वेगळ्या असायच्या, त्यांत सावली फिकी. उन्हाच्या दिवशीच्या ताडपत्र्यांवर एका कडेला काळीभोर सावली रंगवलेली असे आणि सूर्य डोक्यावरून पुढे गेला की ती चुकीच्या बाजूला पडायची. वरून बघणाऱ्याला तेवढ्यावरून कळलं असतं. म्हणून दुपारी ती हाताचा भोंगा करून ओरडायची, "सूर्य फिरला!" आणि हातातलं काम टाकून आम्ही पळायचो, खड्ड्याची चार टोकं चौघांनी धरून तो फिरवून ठेवायचो. एकदा नवाच आलेला एक पायलट वरून हे खड्डे बघून उतरेचना, घिरट्या घालत राहिला. ही पळत गेली आणि एकटीनं ताडपत्री ओढून कडेला केली. उतरल्यावर तो पोरगेला पायलट पांढराफटक पडून मेसमध्ये सांगत होता, "मी शपथेवर सांगतो, एका बाईनं खड्डा उचलून बाजूला ठेवला." पुढे तोही एक दिवस उतरला नाही. त्याच्या ठोकळ्यांवर मी बसलो होतो. मला उठवायला आली ती हीच. "चल," म्हणाली, "पेट्रोल संपलं असेल आता." आमचं लग्न तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही.

लढाई जवळ येत चालली तेव्हा सुरुंगवाले आले. ते आमच्यातले नव्हते, दुसऱ्याच खात्याचे, घाईत असलेले. धावपट्टी शत्रूच्या हाती लागली तर उडवून देता यावी म्हणून त्यांनी कडेच्या गवतातून धावपट्टीच्या पोटात आडवे लोखंडी पाइप घुसवले, दारू ठासून भरलेले. तोंडं मातीनं बुजवली. कुठला पाइप कुठे, त्याच्या खुणा त्यांच्या साहेबानं लिहून घेतल्या. टोकाकडचा शेवटचा पाइप घातला त्या दिवशी ऊन होतं. साहेबानं आजूबाजूला बघितलं, झाड नाही, खांब नाही, सगळा सपाट माळ. जवळ एक भला मोठा खड्डा दिसला. त्यानं त्या खड्ड्यावरून खूण घेतली. तो हिचा खड्डा होता. दुपारी सूर्य फिरला, आम्ही तो फिरवून ठेवला, संध्याकाळी गुंडाळून शेडमध्ये नेला. सकाळी दुसरीकडे अंथरला. साहेब काही दिवसांत बॉम्बखाली गेला. शत्रू आमच्या माळापर्यंत पोचलाच नाही, लढाई संपली, पाइप काढायला नवी माणसं आली आणि एक पाइप कमी भरला. ती त्यांच्याकडे गेली. मीही बरोबर होतो. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. म्हणाले, "बाई, तो बसवलाच नसेल. लढाईत असं होतं." ती म्हणाली, "बसवला. माझ्या खड्ड्याशेजारी बसवला. तो कुठे अंथरला होता ते मला माहीत आहे." ते एकमेकांकडे बघून हसले. खड्डा अंथरला होता, हे वाक्यच हसण्यासारखं आहे. सगळ्यांना घरी जायची घाई होती. ती पुन्हा गेली, पुन्हा चहा मिळाला. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते ऑफिसच उठलं होतं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि पुढचं घर मागून घेतलं.

मी एकदा विचारलं होतं, लग्नानंतर थोड्याच दिवसांत. "नेमका कुठे आहे?" ती म्हणाली, "तुला सांगितलं तर तू झोपशील का?" "आणि तू?" "मी झोपतेच की." आणि खरोखरच झोपायची, उशीला डोकं टेकलं की गाढ. मी जागा राहून तिचा श्वास ऐकायचो आणि मला वाटायचं, बागेत कुठेतरी आहे, लांब आहे, हिला माहीत आहे, बास. एखाद्या घरात देव असतो आणि कोणी रोज त्याच्याकडे बघत नाही, तसं ते झालं. पण आता तिची बाजू रिकामी आहे आणि मला त्या गादीखालची जमीन ऐकू येते. काही आवाज नसतो. तरी कान देऊन पडतो.

मी सेक्रेटरींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तेही हसतील. ते हसले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातल्या एका तरुण अधिकाऱ्याला घेऊन आले. त्या पोराशी बोलून मला बरं वाटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. लांब दांड्याचं एक यंत्र घेऊन तो बागेत फिरायला लागला. खाली लोखंड असलं की ते किणकिणतं. ते पहिल्या पावलाला किणकिणायला लागलं आणि थांबलंच नाही, गुलाबांवर किणकिणलं, झोपाळ्याखाली किणकिणलं. धावपट्टीची जाळी अजून खालीच होती. त्यानं यंत्र बंद करून घाम पुसला. "सगळी बाग हातानं उकरायची तर महिने जातील, काका. आणि इतक्या वर्षांत ती दारू पाझरते, चिडखोर होते. कुठून हात घालायचा ते कळलं पाहिजे. निदान दिशा. काकू कधी काही बोलल्या? अंदाजानं सांगा." अंदाजानं. मला तो उजळलेला तक्ता दिसला. मी म्हटलं, "अंदाजानं नको." पण तिची एक गोष्ट मी त्याला दाखवली. ती बाग कधी सरळ ओलांडायची नाही. सकाळी डावीकडून वळसा घालायची, संध्याकाळी उजवीकडून. तिच्या पावलांनी दोन्हीकडे गवत झिजून दोन वाटा पडल्यात आणि मधल्या लांबट पट्ट्यात गवत गुडघाभर माजलंय. मी तिला चिडवायचो, "खड्डेवाली, सूर्य फिरला म्हणून वाट बदललीस का?" ती म्हणायची, "हो." अधिकाऱ्यानं त्या गवताच्या कडेकडेनं पावलं मोजली. मग म्हणाला, "हे एक टोक झालं. पण पाइप याहून बराच लांब असतो. दुसरं टोक कुठल्या बाजूला?" मला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मी बाल्कनीत आलो. दुपार झाली होती. मी एकेक कुंडी धरून फिरवली, ती फिरवायची तशी. मुलगी मागे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "बाबा, आईसारखं करू नका ना." मी म्हटलं, "सूर्य फिरला." ती रडायला लागली आणि मग रडता रडता हसली. "शेजारच्यांना वाटायचं, आई कसला मंत्र म्हणते." आम्ही चहा घेऊन खाली उतरलो, घरात बसवेना. इमारतीच्या पुढच्या दारावर एक छोटं पोर्च आहे, मागाहून बांधलेलं, न खणता फरशीवरच उभ्या केलेल्या दोन बारीक खांबांवरचं. मुलगी खांबाला टेकली आणि म्हणाली, "इथे मला कधी दोरीच्या उड्या मारू दिल्या नाहीत तिनं. मागच्या अंगणात जा म्हणायची. मला वाटायचं, खालच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून." मी विचारलं, "इथे म्हणजे कुठे?" "इथेच." तिनं पायाच्या अंगठ्यानं पायरी आणि खांबाच्या मधली जागा दाखवली. "लंगडीसुद्धा नाही. एकदा इथे पाटा टाकला होता कामवाल्या बाईनं, तर आईनं स्वतः उचलून मागे नेला. केवढी बोलली तिला." मी तिच्या अंगठ्याकडे बघितलं. मग मान वर करून बागेकडे बघितलं. पायरीपासून त्या माजलेल्या गवतापर्यंत दोरी ताणावी तशी सरळ रेघ होती.

सुरुंगवाल्यांनी पाइप कडेच्या गवतातून घुसवले होते. त्या गवतावर आमची इमारत आहे. म्हणजे तोंड इकडेच असणार. हे मी कधीही जोडून बघू शकलो असतो. बाबागाडी मागच्या दारानं यायची. कपाट आणलं तेव्हा हमालांना तिनं मागून फिरवून आणलं, ते शिव्या देत होते. मला म्हणायची, "मागून येत जा, पुढच्या पायरीवर चिखल असतो." एवढी वर्षं मी मागच्या दारानं आलो आणि मला वाटत राहिलं, बायकोला चिखल आवडत नाही. चहाचा कप हातात तसाच होता आणि मला तिचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा राग आला. तू मला विचारलं नाहीस. पोरीला त्याच्यावर वाढवलंस, भाजी चिरलीस, पाहुण्यांना वाढलंस, आणि रात्री झोपलीस. मी निश्चिंत राहावं म्हणून तू रोज दुपारी सावली बरोबर बाजूला फिरवून ठेवत होतीस आणि मी वरून बघत होतो, सगळं ठीक आहे म्हणत होतो. मग वाटलं, दुसऱ्या कोणाला ते घर दिलं असतं तर त्यांनी पहिल्याच वर्षी तिथे काहीतरी खणलं असतं. तिला हे मला सांगून पटवता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. हे दोन्ही खरं आहे आणि त्यातलं एकही दुसऱ्याला बाजूला सारत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "खांबाला टेकू नकोस. ये इकडे." तिला हाताला धरून मी मागच्या जिन्यानं वर घेऊन आलो.

अधिकाऱ्याला फोन केला. तो ऐकताना एकदम शांत झाला, वायरलेस व्हायचा तसा. म्हणाला, "काका, मी माणसं घेऊन निघतोय. पोहोचायला वेळ लागेल. तोवर इमारत रिकामी करा, कोणाला घाबरवू नका, पळापळ होऊ देऊ नका. पुढचं दार वापरायचं नाही. पोर्चमध्ये धक्का, आपटणं, ठोकाठोक काही नको." मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "वरच्या मजल्यांना मी सांगतो. तळमजल्याला तुम्ही सांगा, तुम्ही जवळ आहात." मुलगी पिशवीत आईचा फोटो आणि माझी औषधं भरायला लागली. तळमजल्यावर नवं बिऱ्हाड आहे, नवरा, बायको आणि महिन्या-दोन महिन्यांचं बाळ. बाळाला उजेड हवा म्हणून त्यांनी पाळणा पुढच्या खिडकीशी, पोर्चच्या बाजूला ठेवलाय. परवाच तो नवरा म्हणत होता, पोर्चमध्ये एक फळी बसवतो, चपलांसाठी.

मी चपला शोधायला लागलो. मग खाली बघितलं. पायातच होत्या. जिन्याकडे निघालो तेवढ्यात खालून हातोडीचा आवाज आला, एक, मग थांबून दुसरा. सवयीनं माझे पाय मागच्या जिन्याकडे वळले होते. मागून लांबचा वळसा पडतो, पुढचा जिना जवळचा आहे. तो पोर्चमध्ये उतरतो. मी मध्येच उभा आहे. हातोडी चालू आहे, आणि खालच्या घरी अजून सांगितलेलं नाही.